घरी जायची गाडी

“शेवटी ते काहीतरी विचारत होते, नाही?”

लॅपटॉपमधून आम्रपाली मॅडमचा आवाज आला तेव्हा अपेक्षा पाण्याच्या ग्लासाकडे हात नेत होती. हात अर्ध्यावरच राहिला. प्रश्न अगदी सहज विचारला होता, लग्नातल्या फोटोत मागे उभं कोण म्हणून विचारावं तसा. मुलाखत तोवर चांगली चालली होती. इतकी चांगली, की बोलतो आहोत ते आपणच का, असं तिला मधून मधून वाटत होतं. पुण्याची कंपनी, समोर केस कापलेल्या, हसऱ्या आम्रपाली मॅडम, त्यांच्यामागे पांढरी भिंत. इकडे महाडमधली दुसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली, अपेक्षाच्या मागे मुद्दाम लावलेली कोरी चादर, चादरीमागे गाद्यांची चळत. तिने तिचं काम दाखवलं होतं: वयस्कर माणसांना एसटीची गाडी शोधून देणारं मोबाईलवरचं अ‍ॅप. शेवटी तिने चित्रफीत लावली. त्यात तिच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, मोबाईल हातात घेऊन ‘घरी जायची गाडी’ शोधली, बरोबर गावावर बोट ठेवलं, हिरवी खूण उमटली. मग आबा कॅमेऱ्याकडे वळले, त्यांचे ओठ विलग झाले, आणि चित्रफीत संपली. शेवटचं चित्र पडद्यावर तसंच राहिलं होतं. अर्धवट वळलेला चेहरा, उघडं तोंड, कपाळावर आठी. चित्रफीत कुठे कापायची हे तिने स्वतः ठरवलं होतं. आणखी किंचित अलीकडे कापायला हवी होती. ओठ उघडण्याआधी.

आतल्या खोलीत पलंग करकरला. आईने आबांना आत बसवलं होतं आणि दार ओढून घेतलं होतं. “आज तरी गप बसा हां,” असं ती त्यांना दबक्या आवाजात सांगत होती, आणि आबा तितक्याच दबक्या आवाजात, वर्गात साहेब आल्यावर मुलांना सांगावं तसे, “हो हो, तपासणी आहे ना,” म्हणत होते.

हे काम मिळायलाच हवं होतं. महाडच्या कॉलेजातून बीएस्सी झाल्यावर अपेक्षाने घरबसल्या डिझाईनचा कोर्स केला. मोबाईलचा पडदा माणसाला सोपा करून द्यायचा, त्याचं बोट कुठे अडतं, नजर कुठे हरवते ते पाहायचं, असं ते काम. आईला ते कधी समजलं नाही. “म्हंजे चित्रं काढतेस काय गो?” एवढंच ती विचारायची. मुंबईला वडील, सुनील, एका गोदामात कामाला होते, ते फोनवर दर वेळी म्हणायचे, “लागला का काय जॉब? ट्राय करत राहा.” ती करत राहिली. कंपन्या कधी नकार कळवायच्या, बहुतेक वेळा तेवढंही नाही. कोर्सच्या बाई व्याख्यानात सांगायच्या की वाढ ही आधी मनात होते. नकार आला तर विचारा, मी यातून काय शिकले. चूक ही माहिती असते. अपेक्षा हे सगळं वहीत उतरवून घ्यायची आणि नकाराचं पत्र पुन्हा वाचायची. त्यात शिकण्यासारखं काही नसायचं. मग त्या बाई एकदा तिचं काम पाहून म्हणाल्या, “हे पिझ्झा मागवायचं अ‍ॅप सगळ्यांनीच केलंय. तुझ्या आजूबाजूला कोण अडलंय ते बघ.” तिने मान वर करून पाहिलं. समोर आबा बसले होते, पेपर उलटा धरून.

पेपर उलटा होता हे तिला तेव्हा दिसलं होतं का? दिसलं होतं. त्यांचा चष्मा बदलायला झालाय, असं तिने मनाशी म्हटलं होतं.

आबा म्हणजे महिपती गुरुजी. गाव पोलादपूर तालुक्यातलं कापडे, भातशेतीचं. पण नोकरीची सगळी वर्षं वर कुडपणला, डोंगरमाथ्यावरच्या एकशिक्षकी शाळेत गेलेली. सोमवारी चढायचे, शनिवारी उतरायचे. पावसाळ्यात तेही नाही. मग शाळेच्याच खोलीत चूल मांडायची आणि संध्याकाळी मुलांच्या घरून कुणी ना कुणी भाकरी आणून द्यायचं. अपेक्षा लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून तिथल्या गोष्टी ऐकायची. तिला सगळ्यात आवडायची ती भिकूच्या चित्राची. गुरुजींनी पावसाळ्यात पोरांना घराचं चित्र काढायला सांगितलं. सगळ्यांनी काढलं, कौलं, दार, दारात कोंबडी. भिकूने कागद कोराच ठेवला आणि मधे पिवळ्या खडूचा एक ठिपका दिला. पोरं हसायला लागली. गुरुजींनी त्याला विचारलं, “तुला काय दिसलं?” भिकू म्हणाला, “धुकं, गुरुजी. आय दिवा लावते तेवढाच दिसतो. त्याच्यावर चालत गेला की घर येतं.” गोष्ट इथे संपायची. मग आबा म्हणायचे, “अपू, मूल चुकत नाही. आपण विचारलेलं त्याच्यापर्यंत नीट पोचलं नाही, एवढंच असतं. चूक विचारणाऱ्याची.” लाल शाईची फुली त्यांनी जन्मात कधी मारली नाही. अपेक्षाचं गणित चुकलं की ते वहीत डोकावून तोच प्रश्न विचारायचे, तुला काय दिसलं, आणि ती सांगता सांगता तिलाच चूक सापडायची. कोर्सच्या पहिल्या दिवशी बाईंनी ऑनलाइन वर्गाच्या पडद्यावर लिहिलं होतं, युजरची चूक कधीच नसते, चूक डिझाईनची असते. सगळे ते नवीन म्हणून लिहून घेत होते. अपेक्षाने लिहून घेतलं नाही. तिला ते ठाऊक होतं. ती त्या वाक्याच्याच मांडीवर वाढली होती.

म्हणून तर पहिल्या चाचणीला तिने आबांना बसवलं तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं. एक मोबाईल त्यांच्या हातात, दुसरा स्टॅण्डवर, त्यांचा चेहरा आणि हात टिपायला. “आबा, समजा तुम्ही महाडच्या स्टॅण्डवर आहात. तुम्हाला घरी जायचंय. गाडी शोधा.” आबांनी चष्मा सारखा केला. पोरीचं काही काम आहे, आपला उपयोग होतोय, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. बोट हवेत फिरलं आणि कुडपणवर टेकलं. लाल खूण आली. अपेक्षाने नोंद केली: कापडे आणि कुडपण यादीत एकाखाली एक आहेत, बोट घसरतं. तिने दोन्हींमध्ये अंतर टाकलं. पुन्हा कुडपण. अक्षरं मोठी केली. पुन्हा कुडपण. प्रत्येक गावाला चित्र दिलं, कापड्याला भाताचं खाचर, कुडपणला डोंगर. आबा त्या डोंगराकडे बघून हसले आणि लगेच बोट ठेवून मोकळे झाले. रोज जेवणं झाली की ती नवा पडदा घेऊन बसायची आणि आबा शाळेत जाणाऱ्या पोरासारखे हातपाय धुऊन, केस विंचरून समोर बसायचे. तिचा हात या कामात इतका सुधारला की कोर्सच्या बाईंनी तिची पानं इतरांना दाखवली. चुकीतून शिकत जाणं म्हणजे काय, ते हिच्याकडे बघा. अपेक्षाला पहिल्यांदा वाटलं, आपण यात खरंच काहीतरी होऊ.

आईचं म्हणणं वेगळं होतं. ती भांडी घासता घासता म्हणाली, “अगो, त्यांना कळत नाय आता. डॉक्टरला दाखवूया एकदा.”

“आई, युजर चुकत नसतो.”

“युजर कोण? सासरे हायत ते माझे. काल आमटीत साखर घातली मूठभर. ती पण तुझ्या मोबाईलची चूक काय?”

“डबे सारखे दिसतात आपले. लेबलं लावायला हवीत.”

आईने तिच्याकडे बघितलं. हातातली कढई तिने जरा जोरात उपडी घातली. “लाव बाई लेबलं,” ती म्हणाली. “माझ्या कपाळाला पण लाव एक. सकाळी मला शकू म्हनायच्या ऐवजी बाई म्हनाले. कुठल्या गावच्या बाई, म्हनाले.”

अपेक्षाने खरंच लेबलं आणली. डब्यांना लावली. आणि ‘डॉक्टरकडे हे काम संपलं की जाऊ’ असं म्हणाली. त्या दिवशी ते तिला अजिबात वाईट वाटलं नव्हतं. आता, आम्रपाली मॅडमच्या पडद्यावरच्या शांत डोळ्यांसमोर, ते वाक्य तिला आपल्याच आवाजात स्पष्ट ऐकू येत होतं. काम संपलं की.

काम संपायला एकच गोष्ट अडली होती. सगळ्या चांगल्या कामांच्या शेवटी यश लागतं. आधी माणूस अडत होता, आता अडत नाही, असं दाखवावं लागतं. तिच्याजवळ तेवढंच नव्हतं. एका संध्याकाळी तिने यादीकडे पाहिलं आणि तिला सुचलं, पर्याय कमी केले तर? कमी पर्याय म्हणजे कमी गोंधळ, हे तर पुस्तकातलं. तिने कुडपण काढून टाकलं. पुसलं असंही नाही. लॅपटॉपवर त्या ओळीशेजारी डोळ्याची बारीक खूण असते, ती दाबली की ओळ असते पण दिसत नाही. आबा समोर बसले. त्यांचं बोट यादीवरून खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. खूप वेळ गेला. मग त्यांनी मान वर केली आणि अपेक्षाकडे पाहिलं. ती श्वास धरून बसली होती, बोटं एकमेकांत अडकवलेली. आबांच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ झालं. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. फळ्याशी रडवेल्या तोंडाने उभ्या असलेल्या पोराला, बस हो, येतंय की तुला, म्हणणारा चेहरा. त्यांनी कापड्यावर बोट ठेवलं. हिरवी खूण आली, खाली मोठ्या अक्षरात ‘शाबास’; तो शब्द तिने त्यांच्यापासूनच घेतला होता. तिने टाळी वाजवली. तेव्हा आबा वळले आणि अगदी आस्थेने, शाळेत नव्याने आलेल्या मुलीला विचारावं तसं त्यांनी विचारलं, “हुशार आहेस. तू कुणाची गो?”

ते ती कुठे लिहिणार होती? कोणत्या रकान्यात? तिने चित्रफीत कापली आणि नोंद केली, पर्याय कमी केल्यावर युजर न अडखळता घरी पोचला.

आणि तोच पडदा तिने त्यांच्या मोबाईलवर ठेवला. काढायचा राहिला, असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली. खरं तर ते येता-जाता तो उघडून बघत, याचा तिला अभिमान वाटत होता.

मग एका सकाळी आई दळण आणायला खाली गेली असताना आबा घरातून निघाले. अंगात धुतलेला सदरा, काखेत पिशवी, पिशवीत खडूचा डबा. हैबती, कापड्याचा, महाडला दूध घालणारा, तो मोटारसायकलवरून परत चालला होता. त्याला ते पोलादपूरच्या दिशेने हायवेच्या कडेच्या गटारात बसलेले दिसले. वरून मोठमोठ्या गाड्या जात होत्या. उजवा हात मनगटातून मोडलेला. “गुरुजींनी मला वळखलं नाय,” हैबती जिन्यात सांगत होता, “पण मी रडाया लागलो तर मलाच गप करतात. म्हंतात, लागलं काय रे तुला?” मग तो आईला म्हणाला, “मी इचारलं, चालत कुठं निघालात? तर म्हंतात, शाळेत. गाडी बंद झाली वर जायची. फोनात दाखवत नाय.”

आई म्हणाली, “कसला फोन न कसलं काय. डोसकं फिरलंय.” अपेक्षा दाराशी उभी होती. फोनात का दाखवत नाही हे त्या जिन्यात एकट्या तिलाच ठाऊक होतं. अजूनही तिलाच ठाऊक आहे. हाताला प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी आबांशी दोन शब्द बोलून आईला बाजूला नेलं आणि या विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं. यांना आधीच आणायला हवं होतं, असंही म्हणाले. घरी येताना रिक्षात आबा मधे बसले होते आणि पांढऱ्या प्लास्टरवर डाव्या हाताच्या बोटाने काहीतरी लिहीत होते. ग, म, भ, न.

“अपेक्षा? आवाज येतोय ना माझा?”

“हो मॅडम. येतोय.”

खरं सांगता आलं असतं. मॅडम वाईट नव्हत्या. कदाचित त्या गप्प झाल्या असत्या, कदाचित त्यांचेही कुणी आबा असतील. मॅडम, ते मला ओळखत नव्हते. माझा पडदा चुकत नव्हता. मी त्यांचं घर यादीतून काढलं आणि त्यांना पास केलं. एवढंच बोलायचं. पण मग काम काय उरलं? कोऱ्या चादरीपुढे बसलेली एक मुलगी, जिने जे चुकत नव्हतं ते महिनोन्‌महिने दुरुस्त केलं. पुन्हा ती पत्रं. वडिलांचं ‘ट्राय करत राहा.’ आणि आता औषधंही होती, रोजची. पडद्यावर आबांचं तोंड उघडंच होतं. तिला वाटलं, आणखी थोडा वेळ आपण गप्प राहिलो तर ते बोलतील.

“गाडी किती वाजता आहे, असं विचारत होते,” ती म्हणाली. आवाज छान आला. “त्यावरूनच मग मला वेळ मोठ्या अक्षरात टाकायचं सुचलं.”

“वा.” मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. “आणि आधी ते सारखे दुसऱ्याच गावावर जात होते, तेव्हा तुम्हाला कधी असं वाटलं नाही की त्यांचंच काही चुकतंय?”

“नाही. चूक युजरची नसते. विचारणाऱ्याची असते.”

मॅडम मागे टेकल्या. खूप दिवसांनी चांगलं काही ऐकल्यासारखं त्यांचं तोंड झालं. “हे बघा, पडदे रंगवायला आम्ही कुणालाही शिकवू शकतो,” त्या म्हणाल्या, “हा स्वभाव शिकवता येत नाही. तो तुमच्यात आहे. हा नमुना आम्ही आज आमच्या लोकांना दाखवतो. तुमची लिंक चालू ठेवा, त्यात आता काही बदलू नका. पुण्याला राहायला यायची तयारी आहे ना?”

“आहे.”

पडदा काळा झाला. त्यात तिला तिचा चेहरा दिसला आणि मागची चादर. चादरीला मधोमध एक सुरकुती पडली होती. इतका वेळ ती दिसत असणार. आतून आईने दार जरा किलकिलं केलं. “झालं?” “झालं. बहुतेक मिळालं.” आईने तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली, आणि चहा टाकायला आत वळली. ओट्यावरच्या डब्यांवर तिची लेबलं होती, साखर, मीठ. आई डबा हातात घेऊन, लेबल न वाचता, आधी बोटाने चाखून बघत होती.

आबा बाहेर आले. त्यांनी काखेत पिशवी घेतली होती, गळ्यातल्या झोळीत प्लास्टरचा हात. ते अदबीने तिच्यासमोर उभे राहिले.

“तपासणी झाली का, बाई?”

“झाली, आबा.”

“मग मला कुडपणच्या गाडीचं जरा बघून द्याल? पोरं येऊन बसली असतील.” त्यांनी डाव्या हाताने खिशातून मोबाईल काढला आणि पुढे धरला.

लॅपटॉप समोर उघडा होता. ती खूण, तो बारीक डोळा, एकदा दाबला की ओळ दिसली असती. मग त्या ओळीवर बोट ठेवायचं, ‘गाडी दुपारी आहे, आबा’ म्हणायचं, दुपारी ‘संध्याकाळी आहे’ म्हणायचं, आणि ते रोज घरात बसून वाट बघत राहिले असते, गाडी आहे हे ठाऊक असलेल्या माणसासारखे. एवढंच. पण आबांच्या हातातला पडदा आणि पुण्यात आज उघडला जाणारा पडदा एकाच लिंकवरचा, एकच होता. काही बदलू नका. तिने माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

आबांचं बोट यादीवरून खाली गेलं, वर आलं. त्यांना घाई नव्हती. आयुष्यभर न कळणाऱ्या पोरांशेजारी बसून राहिलेला माणूस होता तो. पुन्हा खाली, पुन्हा वर. मग त्यांनी मोबाईल तिच्याकडे वळवला आणि खाली वाकून, तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ चेहरा आणून विचारलं, “बाळ, तुला काय दिसतंय?”

तिने पाहिलं. यादीत जिथे कुडपण होतं तिथली जागा तिने इतकी नीट बुजवली होती की तिथे कधी काही होतं असं कुणालाही वाटलं नसतं.

“कापडे,” ती म्हणाली.

“हां.” आबांनी मान हलवली. जरा वेळ तशीच हलवत राहिले. “मग तेच असेल. तू बरोबर आहेस. मीच नीट विचारलं नाय.” आणि त्यांनी डाव्या हाताचं बोट कापड्यावर टेकवलं.

हिरवी खूण उमटली. आबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि पहिल्या यत्तेतल्या पोरासारखं, एकेक अक्षर सोडवत मोठ्याने वाचलं, “शा... बा... स.” त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवी सावरली आणि दाराशी जाऊन, आईने लपवून ठेवलेल्या चपला ते शोधायला लागले.

अपेक्षा उठली, आणि त्यांचा हात पोचणार नाही अशी दाराची वरची कडी तिने लावून घेतली.